समुद्राला मालक असतो तेव्हा

पलाऊ देशात उतरणाऱ्या पाहुण्याच्या पासपोर्टवर पानभर शिक्का उमटवतात. त्या शिक्क्यात प्रतिज्ञेचा मजकूर असतो आणि त्याखाली पाहुण्यानं सही करायची असते. प्रतिज्ञा सरकारला उद्देशून नाही, पलाऊच्या मुलांना उद्देशून आहे: तुमच्या बेटावर मी पाहुण्यासारखा वागेन, इथलं काही ओरबाडणार नाही, अशा अर्थाची. डिसेंबर २०१७ पासून ही पद्धत सुरू झाली. सही केल्याशिवाय देशात प्रवेश मिळत नाही.

जेमतेम अठरा हजार वस्तीच्या देशाचा हा थाट पाहून कुणी म्हणेल, पर्यटनाच्या जाहिरातीची ही नवी युक्ती. युक्ती आहेच, पण तिच्यामागचा विचार जुना आहे. समुद्र कुणाचा तरी असतो आणि दुसऱ्याच्या समुद्रात शिरताना आधी विचारायचं असतं, हा तो विचार. पश्चिम प्रशांत महासागरातल्या मायक्रोनेशिया या बेटांच्या पट्ट्यात तो अनेक शतकं रुजलेला आहे. जगभरचे डायव्हर हजारो डॉलर खर्चून ज्या पाण्यात उतरायला येतात, ते पाणी अजून इतकं भरलेलं आहे याचं बरंच श्रेय त्या विचाराला जातं. तिथले किनारे, तिथलं डायव्हिंग आणि तिथल्या चालीरीती या तीन वेगळ्या गोष्टी नाहीतच. एक समजली नाही तर दुसरी समजत नाही.

थोडी जमीन, अफाट पाणी

फिलिपाइन्सकडून पूर्वेला निघालं की आधी पलाऊ लागतो. त्याच्या ईशान्येला याप. तिथून पूर्वेला बऱ्याच अंतरावर चुऊक, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या पुस्तकांत ट्रक नावानं भेटणारा बेटांचा समूह. याप आणि चुऊक ही मायक्रोनेशिया संघराज्याची दोन राज्यं. पोन्पे आणि कोस्राए ही आणखी दोन. या संघराज्यात सहाशेवर बेटं आहेत, पण त्यांची सगळी जमीन एकत्र केली तर सुमारे ७०० चौरस किलोमीटर भरते, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरांपेक्षा थोडी जास्त. समुद्र मात्र २५ लाख चौरस किलोमीटरच्या पुढे.

स्पेन, मग १८९९ पासून जर्मनी, १९१४ पासून जपान आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका असे चार धनी या बेटांनी पाहिले. संघराज्य १९८६ मध्ये आणि पलाऊ १ ऑक्टोबर १९९४ रोजी स्वतंत्र झाला. चारही धन्यांनी आपापले कायदे आणले. त्या सगळ्यांखाली गावांचे कायदे मात्र चालू राहिले.

दगडी पैसा, तोंडी नोंद

यापच्या गावांत वाटेच्या कडेला, सभागृहाच्या अंगणात, माडांच्या सावलीत दगडाच्या मोठाल्या चकत्या टेकवून ठेवलेल्या दिसतात. मध्ये भोक. काही ताटाएवढ्या, काही माणसाच्या उंचीच्या. सगळ्यात मोठीचा व्यास साडेतीन मीटरच्या आसपास आणि वजन काही टनांत. हा राइ, यापचा पैसा. यापवर हा चुनखडीचा दगड मिळत नाही. तो आणायला इथले लोक शिडाच्या होड्यांतून चारशेहून अधिक किलोमीटर दूर पलाऊला जात, तिथे शिंपल्यांच्या हत्यारांनी चकती घडवत, भोकातून वासा घालून ती किनाऱ्यावर आणत आणि खुल्या समुद्रातून परत येत. दगडाचं मोल आकारावरून ठरे, पण तेवढंच तो आणताना काय सोसलं आणि कोण दगावलं यावरूनही ठरे. १८७० च्या दशकात डेव्हिड ओकीफ नावाचा आयरिश-अमेरिकन कप्तान इथे आला. खोबरं आणि समुद्रकाकडी यांच्या बदल्यात तो आपल्या जहाजातून दगड आणून देऊ लागला. लोखंडी हत्यारांमुळे दगड मोठे झाले, संख्येनंही वाढले. मान मात्र जुन्या, होडीतून आलेल्या लहान दगडांचाच मोठा राहिला.

खरी गंमत पुढे आहे. व्यवहार झाला तरी दगड सहसा जागचा हलत नाही. अमुक दगड आता अमुक घराण्याचा झाला, हे गावाला ठाऊक झालं की पुरे. विल्यम फर्नेस या अमेरिकन प्रवाशानं १९१० मध्ये यापवर पुस्तक लिहिलं. त्यात एका कुटुंबाची हकीकत आहे. त्यांच्या पूर्वजानं आणलेला प्रचंड दगड वादळात समुद्राच्या तळाशी गेला. बरोबरच्या माणसांनी त्याच्या आकाराची ग्वाही दिली आणि पुढच्या पिढ्यांत कुणीही न पाहिलेल्या त्या दगडाच्या जोरावर ते कुटुंब श्रीमंत मानलं गेलं. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९९१ मध्ये ही हकीकत पुन्हा पुढे आणली. १९३० च्या दशकात फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकेनं न्यूयॉर्कमधलं आपलं सोनं तिथेच वेगळ्या कप्प्यात ठेवायला लावलं, सोनं तळघराबाहेरही गेलं नाही, तरी तेवढ्यानं अमेरिकेत धास्ती पसरली. मग समुद्रतळाच्या दगडाला हसायचं कारण काय, असा त्यांचा सवाल होता.

आज यापच्या दुकानांत डॉलर चालतो. राइ अजूनही दिला-घेतला जातो, तो लग्नात, जमिनीच्या व्यवहारात, भांडण मिटवताना किंवा माफी मागताना.

ही तोंडी नोंद ध्यानात घेतली की यापचा समुद्रही उलगडतो. प्रवाळखडकाचा कोणता भाग कुठल्या घराण्याचा, कोणत्या खाडीत जाळं कुणी टाकायचं, याच्या पाट्या कुठेही नाहीत. उथळ पाण्यात बाणाच्या टोकाच्या आकारात रचलेले शेकडो दगडी बांध आहेत. भरतीबरोबर आत आलेली मासळी ओहोटीला त्यांच्या टोकाशी अडकते. प्रत्येक बांधाला मालक आहे आणि तो कोण, हे गावातल्या पोरालाही माहीत असतं. बाहेरच्याला मोकळा, रिकामा वाटणारा किनारा खरं तर कुणाच्या तरी घरची पडवी असते.

म्हणून यापमध्ये किनाऱ्यावर नुसतं जाऊन पसरायची सोय नाही. आधी विचारायचं, बहुतेकदा यजमान किंवा डायव्हिंगवाल्यांमार्फत. दुसऱ्या गावातून चालताना हातात एखादं हिरवं पान किंवा डहाळी धरायची जुनी रीत आहे. आपण वाईट हेतूनं आलो नाही, एवढं त्यातून कळतं. बायकांनी मांड्या झाकायच्या. छाती उघडी असण्याचं पारंपरिक पोशाखात काही वाटत नाही, पण आखूड चड्डी घालून गावातून फिरणारी पर्यटक बाई तिथे खटकते. दगडी पैशावर चढून फोटो काढणं तर वर्ज्यच.

परवानगीची बोलणी सुपारीपासून सुरू होतात. यापच्या माणसाबरोबर झावळीची विणलेली पिशवी कायम असते. तिच्यात हिरव्या ओल्या सुपाऱ्या, चुना आणि विड्याची पानं. सुपारी दातांनी फोडायची, आत पोवळं भाजून केलेला चुना भुरभुरवायचा, पानात गुंडाळायची आणि गालात ठेवायची. कोकणातल्या वाड्यांत पिकते तीच ही सुपारी, फक्त इथे ती वाळवून कातरण्याची वाट कुणी बघत नाही. पिशवीतली सुपारी पुढे केली की माणूस बोलायला तयार आहे असं समजावं.

या मालकीचं वजन २०११ नंतर दिसलं. एका चिनी कंपनीनं यापवर काही हजार खोल्यांच्या हॉटेलांचा प्रकल्प मांडला. मुख्य बेटांची वस्ती सात-आठ हजारांच्या घरात. त्यांच्यापेक्षा पाहुणे जास्त झाले असते. काही राजकारणी अनुकूल होते, काही कुटुंबांनी जमिनीही देऊ केल्या. पण परंपरागत प्रमुखांच्या मंडळानं आणि अनेक गावकऱ्यांनी विरोध केला आणि प्रकल्प रेंगाळत मागे पडला. ज्या बेटावर वाळूच्या कणालाही मालक आहे, तिथे एका सहीनं किनारा विकत मिळत नाही.

खिंडीतली न्हाणी

यापला डायव्हर येतात ते मुख्यतः मांटा रे पाहायला. कोकणात ज्याला पाखट म्हणतात त्याच गोतातला हा अजस्र मासा, पण नांगी नसलेला आणि माणसाला निरुपद्रवी. मिल आणि गोफनूव या खिंडींमधून भरतीचं पाणी लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळखडकाच्या आतल्या पाण्यात, शिरतं, ओहोटीला बाहेर पडतं आणि मांटांचं अन्न असलेले सूक्ष्मजीव ते बरोबर नेतं-आणतं.

खिंडीच्या तळाशी प्रवाळाचा एखादा उंचवटा असतो. त्यावर बोटभर लांबीचे, निळसर अंगावर काळा पट्टा असलेले रास मासे घुटमळत असतात. डायव्हरनं उंचवट्यापासून लांब, खाली वाळूजवळ थांबायचं आणि हालचाल न करता वाट पाहायची. कधी दहा मिनिटं, कधी सगळी टाकी संपेपर्यंत. मग समोरच्या निळ्यातून तीन-चार मीटर रुंद पंखांची मांटा येते, उंचवट्यावर पोचल्यावर वेग कमी करते आणि प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी तरंगते. छोटे रास मासे तिच्या पंखांवर, कल्ल्यांत, अगदी तोंडातही शिरतात आणि परजीवी व मेलेली कातडी वेचून खातात. तिची सफाई होते, त्यांचं पोट भरतं. डोक्यावरून जाताना तिच्या पोटावरचे काळे ठिपके दिसतात. प्रत्येकीच्या ठिपक्यांची मांडणी वेगळी असते. त्यावरून इथले लोक मांटांना ओळखतात आणि त्यांना नावंही देतात.

पाठलाग केला तर मांटा निघून जाते. शांत बसलं तर ती येते, पुन्हा फिरून येते. हा नियम डायव्हिंगचा, पण गावाचाही तोच. यापनं २००८ मध्ये मांटांसाठी आपलं पाणी कायद्यानं राखीव केलं.

बुल: प्रमुखाचा शब्द

पलाऊमध्ये बंदीच्या रिवाजाला बुल म्हणतात. एखाद्या खिंडीतली मासळी कमी होऊ लागली किंवा अंडी घालायचा हंगाम आला की परंपरागत प्रमुख तिथे बुल जाहीर करतात. मग त्या पाण्यात कुणी जाळं टाकायचं नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय होडी न लोटणाऱ्या कोळ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

बंदीचा काळ अंदाजानं ठरत नसे. रॉबर्ट जोहान्स हे सागरी जीवशास्त्रज्ञ १९७० च्या दशकात पलाऊच्या कोळ्यांमध्ये राहिले. कोणता मासा चंद्राच्या कोणत्या अवस्थेत, कोणत्या खिंडीत अंडी घालायला जमतो, हे ते वहीत टिपून घेत होते. ‘वर्ड्स ऑफ द लगून’ हे त्यांचं पुस्तक १९८१ मध्ये आलं. चंद्राच्या गतीप्रमाणे अंडी घालणाऱ्या जितक्या जातींची नोंद तोवर जगभरच्या शास्त्रज्ञांकडे होती, त्याच्या दुपटीहून अधिक जाती एकट्या पलाऊच्या कोळ्यांना माहीत असल्याचं त्यातून पुढे आलं.

ज्ञान होतं म्हणून नियम टिकला. १९९४ मध्ये उत्तरेकडच्या न्गार्चेलोंग आणि कायांगेल या राज्यांच्या प्रमुखांनी आठ खिंडींवर बुल लावला, कारण अंडी घालायला जमणारे ग्रुपर मासे, आपल्याकडचा गोब्रा ज्या कुळातला, बाजारासाठी बेसुमार मारले जात होते. पुढे सरकारनं हीच कल्पना वाढवत नेली. २००३ मध्ये राज्याराज्यांतल्या राखीव क्षेत्रांचं जाळं करणारा कायदा आला. २००९ मध्ये पलाऊनं आपल्या सगळ्या समुद्रात शार्क मारायला बंदी केली. जगातलं हे पहिलं शार्क अभयारण्य. २०१५ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२० पासून देशाच्या हक्काच्या समुद्रातला ८० टक्के भाग मासेमारीला बंद झाला. हा भाग पावणेपाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपट. सगळ्यांना तो रुचला असं नाही. परदेशी ट्यूना बोटींच्या परवान्यांचे पैसे कमी होतात, अशी कुरकूर पलाऊतही आहे.

या सगळ्यात बायकांचा वाटा पाहुण्याला सहज दिसत नाही. पलाऊमध्ये कूळ आईकडून चालतं. प्रमुखपद पुरुषाकडे असलं तरी त्याला निवडतात घराण्यातल्या वडीलधाऱ्या बायका आणि नीट वागला नाही तर उतरवतातही त्याच. टॅरोची, म्हणजे अळूच्या कंदांची, पाणथळ खाचरंही बायकांच्या ताब्यात. पावसात डोंगरावरून वाहणारी माती या खाचरांत अडते, समुद्रात कमी जाते, आणि प्रवाळावर गाळ साचत नाही. समुद्रात डोळ्यांना सुखावणारं स्वच्छ पाणी असं खाचरात तयार होतं.

प्रवाहात टांगलेले डायव्हर

पलाऊतलं सगळ्यात नावाजलेलं डायव्हिंगचं ठिकाण म्हणजे ब्लू कॉर्नर. प्रवाळखडकाचा एक पसारा खोल समुद्रात नाकासारखा पुढे आला आहे. कडेला भिंत सरळ अंधारात उतरते. प्रवाह या भिंतीवर आदळून वर चढतो आणि खोलातलं अन्न वर आणतो. त्यावर लहान मासे, लहान माशांवर मोठे मासे आणि त्या सगळ्यांवर लक्ष ठेवून करड्या रंगाचे शार्क. प्रवाह इतका जोरदार असतो की हातांनी खडक धरून राहावं लागेल, आणि तसं केलं तर प्रवाळ मोडेल. त्यावर तोडगा म्हणून इथे रीफ हुक रूढ झाला: दोरीच्या टोकाला बोथट आकडा. तो मेलेल्या खडकाच्या फटीत अडकवायचा, अंगातल्या जॅकेटमध्ये थोडी हवा भरायची आणि पतंगासारखं प्रवाहात तरंगत राहायचं. शार्क अगदी समोरून जातात आणि डायव्हरकडे ढुंकून बघत नाहीत.

या शार्कांचा हिशेबही मांडला गेला आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियन संशोधकांच्या अभ्यासानुसार पलाऊतला एक जिवंत शार्क आपल्या आयुष्यात पर्यटनातून सुमारे १९ लाख डॉलर मिळवून देतो. मारून विकला तर एकदाच सुमारे १०८ डॉलर. अशा आकड्यांत गृहीतकं बरीच असतात, पण अर्धे चुकले तरी निष्कर्ष बदलत नाही.

खडकबेटं आणि जेलीफिशचं तळं

कोरोर शहराच्या दक्षिणेला चुनखडीची शेकडो बेटं पसरली आहेत. लाटा, पाण्यात विरघळणारा चुना आणि खडक कुरतडणारे जीव यांनी त्यांची बुडं आत खाल्ली आहेत, त्यामुळे हिरवीगार माथी आणि बारीक देठ असे त्यांचे आकार झाले आहेत. २०१२ मध्ये यातली ४४५ बेटं युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. पोस्टकार्डांवरचे किनारे इथलेच: ओहोटीला उघडी पडणारी लाँग बीच नावाची वाळूची पट्टी, मिल्की वे नावाच्या खाडीतला पांढरा चुन्याचा गाळ, जो पर्यटक हौसेनं अंगाला फासतात. पण बहुतेक बेटांवर उतरता येत नाही. न्गेरुकेविद ही बेटं, जाहिरातींतली सेव्हंटी आयलंड्स, १९५६ पासून माणसांना बंद आहेत. आकाशातून फोटो काढा, पाय ठेवू नका.

एइल माल्क बेटावरचं जेलीफिश लेक हे या सगळ्यातलं नवल. हिमयुग संपून समुद्राची पातळी वाढली तेव्हा बेटातल्या खोलगट भागात खारं पाणी आणि त्याबरोबर जेलीफिश शिरले आणि तिथेच राहिले. समुद्राशी संबंध फक्त खडकातल्या भेगांतून. हे सोनेरी जेलीफिश आपल्या अंगात शेवाळ पोसतात आणि त्यानं तयार केलेल्या अन्नावर जगतात. शेवाळाला ऊन हवं, म्हणून लाखो जेलीफिश सकाळी पूर्वेकडे सरकू लागतात आणि दुपारनंतर परत पश्चिमेकडे वळतात. किनाऱ्यावरच्या झाडांची सावली जिथे पाण्यावर पडते त्या रेषेशी ते थांबतात, कारण सावलीत त्यांना खाणारे समुद्रफूल तळाशी टपलेले असतात. पोहताना स्वतःभोवती गिरक्या घेतात, म्हणजे अंगातल्या सगळ्या शेवाळाला ऊन मिळतं. त्यांचा दंश माणसाला जाणवतही नाही.

इथे स्कूबा टाकी घेऊन उतरायला मनाई आहे. सुमारे पंधरा मीटरखाली पाण्याचा वेगळा थर आहे, त्यात ऑक्सिजन नाही आणि हायड्रोजन सल्फाइड विरघळलेला आहे. तो कातडीतून शरीरात जाऊ शकतो. वरच्या थरात मुखवटा लावून, पायांनी फार न ढवळता पोहायचं. १९९८ च्या एल निनोनंतर आणि पुन्हा २०१६ च्या दुष्काळात इथले जेलीफिश जवळजवळ नाहीसे झाले होते. दोन्ही वेळा तळ्याच्या तळाशी त्यांची बीजं उरली होती. त्यांतून ते परत वाढले. या तळ्यासाठी कोरोर राज्याचा वेगळा परवाना लागतो आणि तो पैसा कोरोरलाच जातो.

चुऊक: बुडालेलं आरमार

चुऊकच्या लगूनमध्ये जपानचा मोठा आरमारी तळ होता. १७ आणि १८ फेब्रुवारी १९४४ रोजी अमेरिकन विमानांनी तो उद्ध्वस्त केला; चाळीसहून अधिक जहाजं बुडाली. १९६९ मध्ये समुद्राखालचे माहितीपट करणारे जॅक कूस्तो यांनी इथे चित्रीकरण केलं आणि डायव्हरांची रीघ लागली. फुजिकावा मारू या जहाजाच्या डोलकाठीवर आता मऊ प्रवाळ वाढलं आहे, सान फ्रान्सिस्को मारूच्या डेकवर पन्नास मीटर खोलीवर रणगाडे उभे आहेत. हल्ला पाहिलेला किमिउओ आइसेक हा मुलगा पुढे मोठेपणी डायव्हिंग शिकला आणि १९७३ मध्ये त्यानं इथला पहिला डायव्हिंगचा व्यवसाय उभारला. ही जहाजं माणसांच्या कबरीही आहेत. कायद्यानं तिथून बाटलीसुद्धा उचलता येत नाही.

चुऊकच्या प्रवाळखडकांनाही मालक आहेत आणि मालक घराण्यात मृत्यू झाला की त्यांचा खडक काही काळ मासेमारीला बंद ठेवायची रीत आहे. पण इथलाच अनुभव उलट बाजूही दाखवतो. बुडालेल्या जहाजांतला दारूगोळा काढून समुद्रात स्फोट करून मासे मारण्याचे प्रकार इथे अनेक वर्षं चालले. रोख पैशाची गरज वाढली, गावाचा शब्द सैल पडला आणि प्रवाळाचे तुकडे झाले. नियम कागदावर असो की तोंडी, तो पाळायला लावणारं कुणी नसेल तर संपतो.

ज्ञानाचा वारसा

या बेटांवर ज्ञानालाही मालक असे. यापच्या दूरच्या सातावाल बेटावर १९३२ मध्ये जन्मलेले माउ पियाइलुग यांना लहानपणापासून आजोबांनी नौकानयन शिकवलं. जमिनीवर वर्तुळात खडे मांडून कोणता तारा कुठे उगवतो आणि कुठे मावळतो हे पाठ करायचं, होडीत आडवं होऊन अंगाखालच्या लाटांची दिशा ओळखायची. हे शास्त्र घराण्याबाहेर देत नसत. पण बेटावरची तरुण मुलं शिकेनाशी झाली होती. अखेर पियाइलुग यांनी रीत मोडून ते हवाईच्या लोकांना दिलं. १९७६ मध्ये ‘होकुलेआ’ या जोडहोडीतून होकायंत्राशिवाय, नकाशाशिवाय त्यांनी हवाई ते ताहिती हा चार हजार किलोमीटरचा प्रवास पार पाडला. पॉलिनेशियाची बेटं वाऱ्यावर भरकटून वसली, हा समज त्या एका सफरीनं जवळजवळ निकालात काढला. २००७ मध्ये त्यांनी सातावालवर हवाईच्या पाच नाविकांना गुरुपदाची दीक्षा दिली. २०१० मध्ये त्यांचं निधन झालं.

जायचं असेल तर

या व्यवस्थेचं कौतुक करताना तिचं दुसरं अंगही पाहायला हवं. यापमध्ये गावांची उतरंड आहे. वरच्या गावांना मान, खालच्या गावांवर कामाची सक्ती आणि समुद्रातल्या काही हक्कांना मुकणं, असा हा जुना प्रकार आहे. मालकी सगळ्यांना सारखी कधीच नव्हती. आणि तापणाऱ्या समुद्रावर कुठल्याही प्रमुखाचा बुल चालत नाही. १९९८ मध्ये पाणी तापलं आणि पलाऊतल्या प्रवाळाचा मोठा भाग पांढरा पडून मेला. पुढच्या दहाएक वर्षांत बराचसा भाग परत वाढला. मासळी आणि स्वच्छ पाणी शाबूत होतं, त्याची मदत झाली. पण असे तडाखे जवळजवळ येऊ लागले तर सावरायला उसंत मिळणार नाही.

भारतातून तिथे थेट विमान नाही. पलाऊला तैपेईमार्गे जाता येतं. याप आणि चुऊकला बहुतेक प्रवासी गुआममार्गे जातात, आणि गुआम अमेरिकेचं असल्यामुळे तिथे थांबायलाही अमेरिकन व्हिसा लागतो. चलन डॉलर. पलाऊत येणाऱ्याच्या विमान तिकिटातच पर्यावरण शुल्काचे १०० डॉलर धरलेले असतात. प्रवाळाला घातक ठरणारी सनस्क्रीन तिथे २०२० पासून बंद आहे, तेव्हा ती नेऊच नये. शेवटची डुबकी आणि परतीचं विमान यांत किमान अठरा तास ठेवावेत. सगळ्यात महत्त्वाचं, डायव्हिंगचं पहिलं प्रमाणपत्र घेण्यासाठी इतक्या लांब जाऊ नये. ते तारकर्लीला एमटीडीसीच्या स्कूबा केंद्रात घ्यावं, मालवणच्या पाण्यात हात-पाय सावरायला शिकावं. ब्लू कॉर्नरचा प्रवाह नवख्याला शिकवत बसत नाही.

आणि तिकीट काढण्याआधी आणखी एक करावं. ज्या पाण्यात उतरणार ते कुठल्या गावाचं, कुठल्या राज्याचं आहे हे विचारून घ्यावं, त्यांचं शुल्क घासाघीस न करता भरावं आणि नाही म्हटलं तर मुकाट्यानं परत फिरावं. एवढं जमणार नसेल तर या बेटांवर न गेलेलं बरं.